दंडाला धरले, एवढेच!

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला एक व्हरांडा. तारीख १० जानेवारी १९१६. इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फार्ली ओटन आपल्या वर्गात शिकवीत होते. बाहेरून तिसऱ्या वर्षाची काही मुले चालली होती. पावले वाजली असतील, बोलणेही झाले असेल. ओटनसाहेबांचे डोके फिरले. ते तडक बाहेर आले आणि पुढे असलेल्या मुलांना त्यांनी धक्के देऊन मागे लोटले.

घटना एवढीच. पण ज्या वर्गाची ती मुले होती त्याचा प्रतिनिधी होता सुभाषचंद्र बोस. वयाला एकोणीस वर्षे पुरी व्हायला अजून तेरा दिवस होते. १९१३ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत हा मुलगा सबंध कलकत्ता विद्यापीठात दुसरा आला होता. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करावे, वेदान्त वाचावा, अशा वृत्तीचा. ग्रंथालयात बसला असताना त्याच्या कानावर ही हकिकत आली. प्रतिनिधी म्हणून तो प्रिन्सिपॉल जेम्स यांच्याकडे गेला. मागणे साधे होते. ओटनसाहेबांनी ज्या मुलांचा अपमान केला त्यांची माफी मागावी.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी जे उत्तर दिले ते सुभाषबाबूंनी १९३७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे. ते उत्तर दोन भागांचे होते. एक, ओटन हे इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचे आहेत, तेव्हा त्यांच्यावर माझी सक्ती चालत नाही. दुसरे, त्यांनी धक्काबुक्की केलेलीच नाही. मुलांना नुसते दंडाला धरले, आणि त्यात अपमान तो कसला?

सत्तेची बोलण्याची रीत या दोन वाक्यांत पुरती सापडते. आधी म्हणायचे, मला अधिकार नाही. मग म्हणायचे, घडलेच नाही. यांतले एक खरे असेल तर दुसऱ्याची गरजच काय, हा प्रश्न तिला कधी पडत नाही.

इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस म्हणजे काय हे समजल्याखेरीज पहिल्या वाक्याचे वजन ध्यानात यायचे नाही. ही वरची नोकरी. ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. हिंदी माणसाने, मग तो केवढाही विद्वान असो, बहुधा खालच्या प्रांतिक नोकरीत राहावे. प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याच कॉलेजात त्याच खालच्या पायरीवर होता. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये तेथे नेमले गेले, तेव्हा त्यांना गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला होता. त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही. काम मात्र चोख केले. ज्या इमारतीत प्राध्यापकाची किंमत कातडीच्या रंगाने ठरत होती, तिच्या व्हरांड्यात विद्यार्थ्याच्या दंडाची काय किंमत असणार!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात संप झाला. प्रफुल्लचंद्रांसारख्या लाडक्या प्राध्यापकांनी समजूत घातली, मुले बधली नाहीत. मौलवीसाहेबांनी मुसलमान विद्यार्थ्यांना फोडून पाहिले, तेही फुटले नाहीत. प्रिन्सिपॉलांनी गैरहजर राहिलेल्या सगळ्यांना सरसकट दंड ठोकला. आणि मग एक चांगली गोष्ट घडली. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस खुद्द ओटन यांनीच मुलांच्या प्रतिनिधींना बोलावले आणि दोन्ही बाजूंची अब्रू राखून प्रकरण मिटविले.

येथे पडदा पडायला हवा होता. पण भांडणारे दोघे समेट करून मोकळे झाले, तरी कचेरी मोकळी झाली नाही. दंड काही माफ होईना. मुलांनी विनविले, प्राध्यापकांनी शब्द टाकला, प्रिन्सिपॉल हलले नाहीत. मुलांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. अर्ज केला तर ऐकत नाहीत, संप केला तर शिक्षा करतात, समेट केला तरी शिक्षा उभीच.

महिनाभराने, १५ फेब्रुवारीला, पुन्हा बातमी आली. ओटनसाहेबांनी पहिल्या वर्षाच्या एका पोरावर हात टाकला. या वेळी कोणी अर्ज घेऊन गेले नाही. काही मुलांनी जिन्यापाशी साहेबांना गाठले आणि चोपले.

सुभाषबाबूंनी स्वतः हात उचलला की नाही हे त्यांनी लिहिलेले नाही. आपण डोळ्यांनी पाहिले एवढे मात्र लिहिले आहे. कॉलेजातल्या एका शिपायाने पळणाऱ्यांत सुभाष बोस आणि अनंग दाम यांना ओळखल्याचे सांगितले. मुलांच्या तक्रारीला जी साक्ष पुरी पडत नव्हती, ती त्यांच्या शिक्षेला पुरली. सरकारने कॉलेज बंद ठेवून चौकशी समिती नेमली. त्या गडबडीत शिक्षणखाते सांभाळणारे सरकारचे सभासद लायन यांच्याशी जेम्ससाहेबांची खडाजंगी झाली आणि तेच निलंबित झाले. पण अधिकार हातून जाण्यापूर्वी त्यांनी सुभाषला बोलावून, सगळ्या कॉलेजात सर्वांत उपद्रवी तूच आहेस असे सुनावले आणि निलंबित केले. मुलाने आभार मानले आणि घरची वाट धरली. दुसऱ्या कॉलेजात शिकू द्यावे असा अर्ज त्याने विद्यापीठाकडे केला. तोही नामंजूर झाला.

चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी. विद्येचा कैवारी म्हणून बंगालभर मान असलेला माणूस. समितीने सुभाषला सरळ विचारले, हा हल्ला समर्थनीय होता काय? नुसते 'नाही' म्हटले असते तर कदाचित सुटका होती. तो म्हणाला, हल्ला समर्थनीय नव्हता, पण मुलांना फार चिडविले गेले होते. आणि मागल्या काही वर्षांतल्या एकेका प्रकाराचा पाढा त्याने वाचला. समितीच्या अहवालात मुलांच्या बाजूने एक शब्दही आला नाही, असे सुभाषबाबू लिहितात.

समितीने विचारलेला प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मास्तरावर हात टाकणे वाईटच. पण दुसरा एक प्रश्न विचारायचा राहिला. हल्ला केला नसता, तर या मुलांनी जायचे कोठे? दार ठोठावणाऱ्याला दार उघडले नाही, म्हणजे पुढे खिडकी फुटते. आणि मग चौकशी बसते ती खिडकीची.

तो प्रश्न विचारला रवींद्रनाथ ठाकुरांनी. त्याच सुमारास 'सबुज पत्र' मासिकात 'छात्रशासनतंत्र' या लेखात त्यांनी सांगितले, की या वयाच्या मुलाचे मन अपमानाने फार लवकर दुखावते. त्याला मान देता येत नसेल त्याने तुरुंगावर पहारा करावा, पण शिक्षक होऊ नये.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. वर्ष-सव्वा वर्ष वाया गेल्यावर जुलै १९१७ मध्ये सुभाषला स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला, १९१९ मध्ये तो पहिल्या वर्गात बी. ए. झाला, १९२१ मध्ये त्याने आय. सी. एस. वर पाणी सोडले. ओटन बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक झाले. सुभाषबाबूंनी आत्मकथेत त्यांचे नाव लिहिले नाही, केवळ आद्याक्षर घातले. आणि सुभाषबाबू गेल्यावर याच ओटननी त्यांच्यावर एक कविता रचली, जुने विसरू पाहणारी. माणसे मोकळी होतात. कचेऱ्यांना कविता करता येत नाही.

मी शाळामास्तर. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. पण ते 'दंडाला धरले' वाचले आणि पुस्तक मिटून बसलो. पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात गोंधळ करणाऱ्या एका मुलाला मी बाहेर काढले होते. त्याचा बाप हेडमास्तरांकडे आला. मी म्हणालो, "काही नाही हो, नुसता दंडाला धरला." हेडमास्तरांनी मान डोलावली. बाप नमस्कार करून गेला. मुलाला कोणी विचारले नाही.

तो मुलगा आता आमच्याच गावात पिठाची गिरणी चालवितो. गेल्या महिन्यात दळण घ्यायला गेलो, तेव्हा धीर करून विषय काढला. तो हसला. पट्टा बंद करून म्हणाला, "गुरुजी, धरलं नव्हतं तुम्ही. ढकललं होतंत."

मी म्हणालो, "होय रे. चुकलंच माझं."

त्याने डबा भरून दिला. मी पैसे मोजले. वीस वर्षांपूर्वी हे चार शब्द म्हणायला मला कोणत्या सर्व्हिसचा अडथळा होता, हे वाटेत आठवून पाहिले. काही आठवेना.