अक्षरे कमी करायची, की कळा?

वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तके चाळली, तर 'इमारत' हा शब्द 'अिमारत' असा छापलेला दिसतो. ही छपाईची चूक नव्हे. १९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाने लिपिसुधारणेचे काम काका कालेलकरांकडे सोपवले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या वर्ध्याच्या समितीने ही सुधारणा वापरात आणली. सावरकरांनीही तीच सुचवली होती. 'अ'ला काना-मात्रा देऊन आपण आ, ओ, औ लिहितोच. मग अि, अी, अु, अू, अे, अै का नको? सहा स्वतंत्र आकृत्यांची बचत!

बचतीची गरज यंत्रामुळे होती. देवनागरी छपाईला शेकडो खिळे लागत. टंकलेखन यंत्रावर मात्र पंचेचाळीसच्या आसपास कळा आणि एकेका कळेवर दोनच खुणा. विनोबांनी 'लोकनागरी'त ही बाराखडी चालवली. पण १९४७ साली नेमलेल्या नरेंद्र देव समितीने ती नाकारली. वाचकांची सवयही मोडली नाही.

चिनी लिपीत तर हजारो चिन्हे. तिथल्या टंकलेखन यंत्राच्या तबकात सुमारे अडीच हजार खिळे असत. १९५०च्या दशकात तिथल्या टंकलेखकांनी नेहमी जोडीने येणारी चिन्हे तबकात शेजारी मांडली आणि वेग वाढवला. पुढे संगणकावर हीच युक्ती फळाला आली. 'बीजिंग' रोमन लिपीत लिहायला सात अक्षरे लागतात; पण 'बी' आणि 'जे' एवढ्या दोन कळा दाबल्या की यंत्र संभाव्य शब्द दाखवते. त्यांतला हवा तो निवडायचा. लिपी तशीच राहिली, बोटांचे काम घटले.

इंग्रजीत हे जमेल का? स्वर गाळून पाहा. 'बी-के' म्हणजे बुक, बाइक की बेक? एकटा शब्द फसवतो, वाक्य सोडवते.

वर्गात हा प्रयोग मराठीत करा. फळ्यावर लिहा: 'शळत मल खळतत'. 'मल' म्हणजे मला, माल, मूल की मुले? तरीही मुले वाक्य बरोबर वाचतील. मग त्यांना विचारा: कोणत्या शब्दामुळे 'मल' ओळखता आला? यंत्रालाही नेमके हेच शिकवावे लागते. वर्ध्यात यंत्रासाठी लिपी वाकवून पाहिली. चीनमध्ये लिपीसाठी यंत्राला शिकवले.