साडेबाराशेचा आकडा

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या ओळीत अण्णांचा बॅटरी चार्जिंगचा गाळा होता. फळीवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि उघड्या बुचांतून येणारी बुडबुड. शाळेतून आले की मी तिथेच अभ्यासाला बसायची. अण्णांच्या खाकी शर्टाला ॲसिडने भोकं पडलेली असत. आई तो शर्ट आमच्या कपड्यांत कधी भिजवत नसे.

शिशाची बॅटरी मोटारीच्याही आधीची. फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने ती १८५९ मध्ये बनवली. मोटारीला तिची खरी गरज पडली १९१२ मध्ये, जेव्हा चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. हँडल मारायचे कष्ट वाचले, पण त्यांचा भार बॅटरीवर आला. आपल्या अँबॅसडरवाल्यांनी तिच्यावर पुरता भरवसा कधी टाकला नाही. हँडल डिकीत असायचंच.

कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आली की अण्णा बॉनेट उघडून आधी नुसते बघत उभे राहायचे. टर्मिनलवर पांढरी भुकटी असेल तर ते शिशाचं सल्फेट. हिरवट निळं असेल तर ॲसिडच्या वाफेने तांब्या-पितळेला खाल्लेलं. मग अर्थची वायर आधी सुटायची आणि सगळं झाल्यावर शेवटी लागायची. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला की फेस फसफसून वर यायचा. त्याआधी बुचं घट्ट बसवायची, कारण सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिडच मारणार. शेवटी टर्मिनलला व्हॅसलीनचं बोट. बॅटरीच्या माथ्यावर ॲसिडने ओली झालेली धूळ साचली, तर तिच्यातूनच करंट झिरपतो आणि गाडी नुसती उभी राहूनही बॅटरी उतरते. म्हणून माथा कोरडा हवा. इंजिनाचं तेलकट रॉकेलच्या ब्रशने निघायचं. पाणी मारायचंच झालं तर डिस्ट्रिब्युटरवर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढायची.

मग ‘पाणी बघणं’. सहा बुचं, सहा सेल. प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर. प्रत्येक सेलमध्ये ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवून अण्णा आकडा सांगायचे आणि मी वहीत लिहायची. साडेबाराशे म्हणजे भरलेली, अकराशेच्या आसपास आली तर उतरलेली. पाच सेल साडेबाराशे आणि एकच अकराशे निघाला की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, “मालक, पाच भाऊ कमावतात, एक बसून खातो. घर बुडणार.”

प्लेटांच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी असे, म्हणून पाणी लवकर आटायचं आणि म्हणूनच गिऱ्हाईक महिन्याला परतायचं. कॅल्शियमच्या जाळ्या आल्या, पाणी टिकू लागलं, बुचं गेली. आमची मिळकत त्या आटणाऱ्या पाण्यावर होती, हे तेव्हा उमगलं.

पण त्या धंद्यावर मी नुसती माया करू शकत नाही. गल्लीत मागच्या बाजूला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं जाई, आणि आम्ही पोरं तिथेच खेळायचो. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडेच पाठवणं विक्रेत्यांना बंधनकारक केलं. अण्णा कुरकुरले. आईने मात्र देवापुढे साखर ठेवली.

आता माझ्या गाडीच्या बंद बॅटरीवर एक काचेचा डोळा आहे. हिरवा दिसला की ठीक. आत एक हिरवी गोळी तरंगते, म्हणजे तोही हायड्रोमीटरच. पहिल्यांदा दाखवला तेव्हा अण्णांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं.

“हा एकाच सेलमध्ये आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या पाचांचं कोण बघतं?”