व्हर्सायच्या नारिंगांची पेटी

कुंडीत लावलेले झाड सर्वस्वी मनुष्याच्या हवाली झालेले असते. रानातील वृक्षाची मुळे पाण्याच्या शोधार्थ वाटेल तितकी दूर जातात. कुंडीतल्या झाडाचे जग मात्र वीतभर रुंदीचे. त्या जगात आता जागा उरली नाही, हे झाडास बोलून दाखविता येत नाही. ते ओळखण्याचे काम लावणाऱ्याचे. ही जबाबदारी फार जुनी आहे. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने महाळुंगाचे बी भोक पाडलेल्या भांड्यांत पेरतात असे लिहून ठेवले आहे. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी सांगतो की, महाळुंगाची रोपे दूरदेशी नेण्याच्या मातीच्या भांड्यांस, मुळांना श्वास मिळावा म्हणून, भोके ठेवीत असत. भोकाची युक्ती अशी लवकर सुचली. भांडे केव्हा बदलावे, हा प्रश्न त्याहून अवघड होता.

त्याचे सर्वांत चातुर्याचे उत्तर चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथे पाहावयास मिळते. या राजास नारिंगांचा विलक्षण सोस. 1661 साली फूके या मंत्र्यास अटक झाल्यावर त्याच्या वो येथील वाड्यातील नारिंगांची झाडे राजाच्या बागेत आली, आणि 1684 ते 1686 या काळात आर्दुएँ-माँसार या स्थपतीने त्यांच्या हिवाळी मुक्कामासाठी दीडशे मीटरांहून लांब दालन बांधले. राजवाड्यातील झाडांसाठी तर चांदीच्या कुंड्या होत्या. 1689 त युद्धाचा खर्च भागविण्यासाठी त्या वितळविण्यात आल्या. चांदी गेली याचे झाडांस दुःख झाले नसावे. धातूचे भांडे उन्हात तापते व त्यातून हवा खेळत नाही.

बाहेरच्या बागेत जी पेटी वापरीत ती साधी लाकडाची होती. चौकोनी, खाली पाय असलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. तिचे वैशिष्ट्य एवढेच की, तिच्या बाजूच्या फळ्या उघडता येत. आपण कुंडीतून झाड काढतो तेव्हा कुंडी उलटी करून खोड धरून ओढावे लागते, अथवा कुंडी फोडावी लागते. दहा-बारा फूट उंचीच्या नारिंगास असे कोण उलटे करणार? येथे माळी फळी उघडून आतील मुळे पाही. ती मातीच्या कडेने वेटोळी घालून दाट जाळे झाली असतील, तर कडेचा थर छाटून तेथे नवी माती भरी. तितकी निकड नसेल, तर फळी पुन्हा बंद. झाड जागचे न हलविता त्याची प्रकृती तपासता येई, हे या पेटीचे खरे मोल. राजाच्या फळबागांचा प्रमुख झाँ-बातिस्त द ला कँतिनी हा मूळचा वकील; त्याच्या मृत्यूनंतर 1690 साली प्रसिद्ध झालेल्या बागशास्त्रावरील ग्रंथास नारिंगांवरील स्वतंत्र प्रकरण जोडलेले आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी नाही त्यांनी खुणा वाचाव्या. घातलेले पाणी न जिरता कडेने सरळ खाली वाहून जाते, नवी पाने लहान येतात, बुडाच्या भोकातून मुळे डोकावतात. मात्र मोठ्या कुंडीचा मोह धरू नये. जुनीपेक्षा दोन बोटे रुंद पुरे. कारण मुळे जेथे पोचलेली नाहीत ती माती ओलीच राहते आणि मुळे कुजवते. पाणी शोषणारे मुळांचे केस अत्यंत नाजूक असून हलवाहलवीत ते तुटतात. म्हणून नवी पालवी फुटण्याच्या सुमारास हे काम करावे आणि नंतर झाड काही दिवस सावलीत ठेवावे. आपल्याकडचे माळी त्यासाठी पावसाळ्याचा आरंभ पसंत करतात तो याच कारणाने: हवा दमट असते, पाने कमी सुकतात.

झाड मोठे होते तशी ही जबाबदारी जड होत जाते. लंडनजवळील क्यू उद्यानात एक सायकड वर्गातील झाड आहे. फ्रान्सिस मॅसन याने ते दक्षिण आफ्रिकेतून 1775 साली आणले. 1819 त त्याने शंकू धरला, तेव्हा वृद्ध सर जोसेफ बँक्स ते पाहण्यास आले. दुसऱ्याच वर्षी ते वारले. हे झाड वर्षास जेमतेम इंचभर वाढते, तरी अडीचशे वर्षांत त्याचे खोड चार मीटरांवर गेले आहे. ते कलले असून त्यास टेकू दिलेले आहेत. 2009 साली त्याची कुंडी बदलण्यात आली, तेव्हा ते वजनाने एक टनाहून अधिक होते. ज्याने ते आणले तो 1805 सालीच वारला होता. ते ज्यांच्या स्वाधीन झाले अशा माळ्यांच्या किती पिढ्या होऊन गेल्या असतील!

इकडे व्हर्सायला राजे गेले, क्रांती झाली, पण नारिंगांचा क्रम मोडलेला नाही. हजाराहून अधिक पेट्या आजही मे महिन्यात दालनातून अंगणात येतात, आणि ऑक्टोबरात परत आत जातात.