राजापूरची भरपाई आणि ‘शॅल’-‘विल’चा विवेक

इंग्रजांची राजापूर येथील वखार इ. स. १६४९ च्या सुमारास उभी राहिली. पन्हाळ्याच्या वेढ्यात (१६६०) तेथील इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळ्याची मदत केली. म्हणून शिवाजीमहाराजांनी १६६१ साली राजापूर घेऊन हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैद केले. वखारीच्या नुकसानीची भरपाई हा पुढे दीर्घकाळ वाटाघाटींचा विषय झाला. राज्याभिषेकप्रसंगी, १६७४ साली, हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला तेव्हाही तो प्रश्न पुढे होता. दुभाषा होता नारायण शेणवी.

अशा वाटाघाटीत ‘देईल’ हे भाकीत की हमी, हा भेद मोलाचा असतो. राजापूरची वखार चालू असतानाच, १६५३ मध्ये, ऑक्सफर्डचा गणितज्ञ जॉन वॉलिस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात हा भेद साहाय्यक क्रियापदांकडे सोपविला. त्याच्या मते प्रथमपुरुषी ‘शॅल’ने केवळ भाकीत होते, ‘विल’ने वचन अथवा धमकी, द्वितीय व तृतीय पुरुषी हे नाते उलटते. ‘ही विल पे’ हा अंदाज, तर ‘ही शॅल पे’ ही बोलणाऱ्याने दिलेली हमी. याचे बीज व्युत्पत्तीत आहे. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे, ‘शॅल’चा देणे लागणे. स्वतःची इच्छा सांगणे हे वचन होते. दुसऱ्यावर देणे ठेवणे ही आज्ञा होते.

मराठीत मात्र दोन्ही वाक्यांस ‘तो देईल’ हे एकच रूप पुरते. शिवाय देईन, देशील, देईल अशी रूपे पुरुषानुसार पालटत असल्याने ‘शॅल’-‘विल’ हीदेखील पुरुषवाचक प्रत्ययांसारखीच आहेत, असा मराठी विद्यार्थ्याचा ग्रह सहज होतो. नियम पाठ होतो, अर्थ निसटतो. वस्तुतः हा अर्थभेद मराठीस परका नाही. ‘देणार’मध्ये निश्चय, ‘द्यावे’मध्ये विधी आणि ‘दिलेच पाहिजे’मध्ये बंधन स्पष्ट आहे.

कायद्याच्या भाषांतरात ‘शॅल’साठी सर्रास ‘करील’ योजिले जाते, तेव्हा हा प्रश्न शालेय राहत नाही. मूळ इंग्रजी शब्दही सर्वस्वी निर्णायक नसतो. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदात ‘शॅल’ असूनही, मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद अनिवार्य नव्हे, निदेशात्मक ठरविली. सबब भाषांतरकाराने शब्दास शब्द न देता, वाक्य भाकीत करते, वचन देते की बंधन घालते, हे प्रथम ठरविणे युक्त होय. ‘देईल’ या शब्दावर विसंबणाऱ्या धनकोस हा भेद व्याकरणापुरता राहत नाही.