सातवीचा वर्ग



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती द्यावी की ओव्या लिहून काढाव्या, असा प्रथम विचार आला. परंतु या दोन्ही गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या जाणणाऱ्या पुष्कळजणी आपल्यात आहेत. म्हणून मी इतिहास लिहावयाचे ठरविले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास लिहू नये असा काही नियम नाही, आणि माझा विषयही सातवीचाच आहे.

अलीकडे दहावीच्या जुन्या वर्गांची स्नेहसंमेलने फार होतात. दादरला, परळला हॉल घेतात, अमुक सालची दहावी असा फलक लावतात, जुन्या सरांना आणि बाईंना शाल-श्रीफळ देतात, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसे एकमेकांना अरे-तुरे करीत हसतात. पाहून बरे वाटते. आमच्या लालबाग-परळमध्ये मात्र असे कितीतरी वर्ग होऊन गेले, की जे दहावीपर्यंत पोहोचलेच नाहीत. सात वर्षे आम्ही एका बाकावर बसलो, एका सुरात पाढे म्हटले, आणि सातवीच्या एप्रिलमध्ये वर्ग मोडला. त्या वर्गाला कोणी 'बॅच' म्हणत नाही. त्याची हकिगत लिहावी असे फार दिवस मनात होते.

मुंबईत मुलींच्या शाळेचा आरंभ गिरगावाकडे झाला. १८४८ साली एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि १८४९ मध्ये त्या सोसायटीने मराठी व पारशी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजींसारखी तरुण मंडळी तेथे बिनपगारी शिकवीत. नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेसाठी गिरगावात आपली जागा दिली. विद्यापीठ १८५७ चे, आणि पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ ची. पुढे गिरगावात आणि मग दादरला हायस्कुले झाली. हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज, जिला आज आपण राजा शिवाजी विद्यालय म्हणतो, छबिलदास, १९४० चे बालमोहन, ही नावे मी काय सांगावी! आपल्यापैकी कित्येकींचे यजमान आणि मुले तेथेच शिकलेली आहेत.

आमच्या गिरणगावाचा रस्ता निराळा होता. येथली माणसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून गिरणीत आली, आणि त्यांची बायका-मुले पुष्कळ दिवस गावीच राहिली. जी मुले येथे होती त्यांची शाळा म्हणजे म्युनिसिपालिटीची शाळा. मुंबईत सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम १९२५ मध्ये सुरू झाले ते एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे परळ, नायगाव, दादर, वरळी या आपल्याच भागात. नामदार जोशी यांची १९११ ची सोशल सर्व्हिस लीग त्याच्याही आधीपासून कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवीत होती. तेव्हा शिक्षणाची हौस आम्हांला नव्हती असे कोणी म्हणू नये.

त्या काळी सातवीला मान होता. व्हर्नाक्युलर फायनल, नुसते 'फायनल' म्हणत. फायनल झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तर होता येई, गावाकडे तलाठी होता येई. आमच्या चाळीत एक आजी होत्या, त्या फायनल झालेल्या. पहिल्या मजल्यावरची सारी पत्रे त्या वाचून दाखवीत आणि उत्तरेही लिहीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तो प्रमाणपत्राचा कागद तांबड्या फडक्यात बांधलेला असे. लग्नात मिळालेले दागिने त्यांनी गरजेला मोडले, पण कागद जपला.

पुढे शिडी लांबत गेली. १९४९ मध्ये मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, ती अकरावीला. १९७५ पासून ती दहावीला आली, आणि तिच्यापुढे बारावी लागली. नोकरीला आधी मॅट्रिक, मग एस. एस. सी., मग त्याच्याही पुढचे मागू लागले. आमच्या म्युनिसिपल शाळा मात्र बहुतेक सातवीलाच थांबत. माध्यमिक शाळा महापालिकेच्याही होत्या, पण प्राथमिक शाळांच्या मानाने फारच थोड्या. म्हणजे शिडी वाढली आणि आमची पायरी होती तेथेच राहिली. आजींच्या वेळी ज्या इयत्तेनंतर माणूस मास्तर होई, त्याच इयत्तेनंतर माझ्या वेळी मुलगी घरी बसे.

आता आमचा वर्ग. माझा जन्म १९८० चा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप संपला असे कधी कोणी जाहीर केलेच नाही. आम्ही पहिलीत आलो तेव्हा संप जुना झाला होता. परंतु त्याचे सारे आमच्या वर्गातच येऊन बसले होते म्हणा ना! कोणाचे वडील वॉचमन, कोणाचे भाजीच्या गाडीवर, कोणाचे नुसतेच गॅलरीत बसून. माझे वडील साचेखात्यात होते. संपानंतर त्यांना परत घेतले नाही. ज्यांच्या आया खानावळी चालवीत, त्यांच्या घरचे जेवणारे गडी गावी निघून गेले, कित्येक तर महिन्याचे पैसे न देताच. मग कोणी पोळ्या लाटून देऊ लागली, कोणी पापड. (लिज्जत पापड १९५९ मध्ये आपल्या गिरगावातच सात बायकांनी सुरू केला, हे नव्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते.) मागच्या बाकावरची एक मैत्रीण पहाटे आईबरोबर लाट्या करून येई, तिच्या वहीला उडदाच्या पिठाचा वास येत असे. बाईंनी वही तपासताना कधी नाक मुरडले नाही, हे मी विसरणार नाही.

आमची शाळा दुपारची. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, लाल रिबिनी. बाई कडक होत्या. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर पाच वेळा लिहावे लागे, म्हणून तर आज हे लिहू शकते. गणपतीत अर्धा वर्ग कोकणात जाई, आणि उरलेल्या आम्ही लालबागच्या रांगा बघत शाळेत उशिरा पोहोचत असू. भूगोलाच्या तासाला नकाशावर आपापले गाव शोधावयाचे. बहुतेकींची गावे नकाशात नसत, तेव्हा बाई खडूने टिंब काढून देत. माझ्या गावाचे टिंब समुद्रात पडले होते.

आमची सातवी १९९२-९३ सालची. तेव्हाची मुंबई आपण सर्वांनी पाहिली आहे. डिसेंबरात आणि मग जानेवारीत दंगली झाल्या, शाळा कितीतरी दिवस बंद होती. उघडली तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक जागा रिकामी होती. ती कोकणातल्या मुसलमान घरातील मुलगी, शुद्धलेखनात तिचा नंबर पहिला. ती पुन्हा आली नाही. १२ मार्चला शुक्रवारी दुपारी बाँबस्फोट झाले, त्यातला एक आपल्या प्लाझाजवळ. त्या दिवशी २५७ माणसे गेली. आम्ही वर्गातच होतो. एकेकीची आई धापा टाकीत जिना चढून येई, हात धरून नेई, आणि वर्ग रिता होत जाई. शेवटी बाई आणि आम्ही चौघी उरलो. बाईंनी फळा पुसून टाकला आणि आम्हांला भेंड्या लावावयास सांगितल्या.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. निरोप समारंभाला वर्गणी काढून पेढे आणले. एक फोटो काढला. त्याची प्रत ज्यांना परवडली त्यांनी घेतली.

मग जूनमध्ये काय झाले ते सांगते. मुलींना फी नव्हती. राज्य सरकारने ती ऐंशीच्या दशकातच माफ केली होती. परंतु हायस्कूल म्हणजे नुसती फी नव्हे. नवा गणवेश, पुस्तके, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दिवसाचे सहा तास. आई कामाला बाहेर पडली की पाणी कोणी भरावे, धाकट्यांना कोणी सांभाळावे? माझ्या पाठीवर दोन भाऊ होते. घरात भांडण झाले नाही, रडारड झाली नाही. शाळा सुरू झाली आणि मी गेले नाही, इतकेच. दोघे भाऊ शिकले, एक बी. कॉम. झाला, त्याचा मला आनंद आहे. परंतु त्या जूनमध्ये हायस्कुलाच्या मुली खिडकीखालून जात, तेव्हा मी खिडकी लावून घेत असे, हेही खरे. वर्गातील निम्म्याहून कमी मुली आठवीत गेल्या असतील. एप्रिल २०१० पासून शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला, आठवीपर्यंत शिक्षण सक्तीचे झाले आणि महापालिकेच्या शाळांतही आठवीचे वर्ग निघाले. आमच्यानंतर सतरा वर्षांनी.

काही वर्षांपूर्वी आमच्यातील एकीला जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेत जावे लागले. तिचे वडील गिरणीत होते. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, तेव्हापासून अशा कागदांसाठी वारसांची धावपळ चालूच आहे. सोबत म्हणून आम्ही आणखी दोघी गेलो. आमची शाळा आता दुसऱ्या शाळेत मिळवली आहे. जुनी दप्तरे एका कपाटात आहेत. मुख्याध्यापिकाबाई भल्या, त्यांनी आमच्या सालचे जनरल रजिस्टर समोर ठेवले.

ज्यांनी असे रजिस्टर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख असे रकाने असतात, आणि शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण'. तिसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या नावापुढे लिहिले आहे, 'पालकांच्या विनंतीवरून'. जी पाचवीतूनच गावी गेली, तिच्यापुढेही तेच. संप, दंगल, गिरणी हे शब्द त्या रजिस्टरात कोठेही नाहीत. आणि जेवढ्या आम्ही सातवी पास झालो, त्या सर्वांच्या नावापुढे एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, ओळीने खालपर्यंत लिहिले आहे: 'पुढील शिक्षणासाठी'. माझ्याही.

आम्ही तिघी बराच वेळ काही बोललो नाही. दाखला घेतला, खाली येऊन चहा प्यालो, आणि एका शंभरपानी वहीत आठवतील तशी नावे लिहून काढली. नावापुढे खरे कारण लिहावयाचे ठरविले. निम्म्या नावांपुढची जागा अजून कोरी आहे. दोघी देवाघरी गेल्याचे कळले. एकीने लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून मुलीच्याच वर्षी दहावी दिली आणि मुलीपेक्षा गणितात जास्त गुण मिळविले. तिने पेढे सातवीच्या मैत्रिणींना आधी वाटले. एक चिपळूणला आहे, एक कल्याणला. तिसऱ्या बाकावरची मुंब्र्याला आहे असे कोणी सांगितले, पण पत्ता लागत नाही.

तरी लालबागच्या बाजारामागील म्युनिसिपल शाळेत १९९२-९३ साली दुपारच्या सातवीत आपण असाल, किंवा आपली बहीण, नणंद, जाऊ असेल, तर कृपा करून मंडळाच्या मंगळवारच्या बैठकीस यावे आणि वही पाहावी. फोटोची एक प्रत मिळाली आहे. दुसऱ्या रांगेतील डावीकडून चौथी कोण, हे आम्हां तिघींनाही आठवत नाही.