होडीतून दिसणारी काशी आणि मराठी घाट

बिदर हे मोठे ऐतिहासिक शहर, पण त्याला नदी नाही. मांजरा उत्तरेकडून, काही मैलांवरून, खालच्या सपाटीतून निघून जाते आणि आपण वर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर राहतो. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली, तेव्हा पाण्याची सोय जमिनीखालून करावी लागली. ते भुयारी पाट आणि त्यांच्या वाऱ्याच्या विहिरी आजही नौबादकडे पाहायला मिळतात. पाण्यातून जाऊन दर्शन घ्यायचे ते आपल्याकडे नरसिंह झरणीला, आणि तेही छातीइतक्या पाण्यातून पायी. त्यामुळे होडीत आरामात बसून एखादे जुने शहर नदीवरून पाहावे, हा अनुभव आपल्या बहुतेक घरांतून प्रथम काशीलाच घडतो.

आता काशीचा नौकाविहार पूर्वीसारखा राहिलेला नाही. वल्ह्याच्या होड्या कमी झाल्या, गॅसवर चालणारी इंजिने आली. 2018 पासून वातानुकूलित, दुमजली क्रूझ अस्सी घाटाकडून निघतात. 13 जानेवारी 2023 ला तर 'गंगा विलास' ही नौका काशीहून 51 दिवसांच्या, 3200 किलोमीटरच्या प्रवासाला आसामात दिब्रुगढपर्यंत गेली. आपली मंडळी एवढ्या लांब जात नाहीत. संध्याकाळी दीड-दोन तास होडीत बसतात, दशाश्वमेधची आरती पाहतात, दिवा सोडतात. दवाखान्यात पेढा घेऊन येणारे पेशंट मला आरतीचे आणि गर्दीचे वर्णन करून सांगतात. घाटांचे विचारले की उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, पायऱ्याच पायऱ्या." त्या पायऱ्यांवर आपल्याच माणसांची नावे आहेत, हे होडीवाला सांगतो, पण एका दमात, चौऱ्याऐंशी नावांच्या यादीत. म्हणून आज त्या यादीतली मराठी नावे तेवढी जरा सावकाश पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे भाषणांतून 'काशी मराठ्यांनी बांधली' असे ठोकून देण्याची पद्धत आहे. ते अर्धे खरे आहे. गंगा काशीपाशी उत्तरेकडे वळते आणि तिच्या पश्चिम काठावर अस्सीपासून आदिकेशवापर्यंत साडेसहा किलोमीटरची कमान तयार होते. या कमानीवर उदेपूरच्या राण्यांचा महाल आहे, आमेरच्या मानसिंहाचे मानमंदिर आहे, विजयानगरमचा घाट आहे, दरभंग्याचा आहे, नेपाळ्यांचे लाकडी मंदिर आहे. हनुमान घाटाच्या पुढे म्हैसूरकरांचा कर्नाटक घाटसुद्धा आहे, तो बिदरकरांनी मुद्दाम पाहावा. तरीही आज जो दगडी, उंच, सलग नदीकाठ दिसतो त्याचा फार मोठा भाग अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी पैशातून उभा राहिला, हे इतिहासकार मान्य करतात. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. काशीवर मराठ्यांचे राज्य एक दिवसही नव्हते.

राज्य मिळवायची इच्छा मात्र होती. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी आणि मोगल सरदारांनीही त्यांची बडदास्त ठेवली. पुढे नानासाहेबांच्या पत्रांत काशी-प्रयाग आपल्याकडे यावेत हा विषय पुन्हा पुन्हा येतो. आपल्या भागाचाही या कथेत एक धागा आहे. उदगीर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातलेच. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवले आणि त्यानंतर परतूरच्या छावणीतून ते उत्तरेकडे निघाले. फौजेबरोबर तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेले हजारो लोक होते, बायाबापड्या होत्या. त्यांतल्या कितींना गंगा दिसली कोण जाणे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले. 1764 मध्ये बक्सरला इंग्रज जिंकले आणि 1775 मध्ये बनारस कंपनीच्या ताब्यात गेले. काशी मिळण्याचा मार्ग तिथे बंद झाला.

आता घाटांच्या तारखा पाहा. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी बांधले ते 1780 च्या सुमारास. मणिकर्णिकेचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, 1791 च्या सुमारास. भोसले घाट अठराव्या शतकाच्या अखेरीचा, अमृतरावांचा राजा घाट 1807 चा, बायजाबाईंचा शिंदे घाट 1830 च्या आसपासचा. म्हणजे मोठी बांधकामे आशा संपल्यावरची आहेत. ज्या शहरात आपला अंमल नाही, कधी होणारही नाही, तिथे जागा विकत घेऊन, परवाने मिळवून, पुण्याहून, नागपूरहून, इंदूरहून हुंड्या पाठवून ही कामे झाली. दगड चुनारचा. चुनार गंगेवरच, काशीच्या वरच्या अंगाला. तो दगड होड्यांतूनच खाली येत असे. आज आपण ज्या पाण्यावरून घाट पाहतो, त्याच पाण्यावरून घाट आले.

होडी अस्सीला घ्यावी आणि प्रवाहाबरोबर उत्तरेला जावे. सकाळी जावे, कारण घाट पूर्वाभिमुख आहेत आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येते. आरंभीच डावीकडे भदैनी लागते. या वस्तीत मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मली, पुढची झाशीची राणी. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यावर चिमाजीअप्पा काशीला येऊन राहिले होते. आम्हा जैनांनाही भदैनीला हात जोडावे लागतात, कारण सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे हे जन्मस्थान. पार्श्वनाथांचे भेलूपूर इथून जवळच. सिंहपुरी म्हणजे सारनाथ आणि गंगेकाठची चंद्रपुरी धरली तर काशीच्या परिसरात चार तीर्थंकरांचे जन्म मानले जातात. 1905 मध्ये गणेशप्रसाद वर्णींनी इथेच स्याद्वाद महाविद्यालय काढले. त्याची इमारत नदीवरूनच दिसते. मळखेडच्या जिनसेनाचार्यांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या भागातील जैनांनी होडी इथे क्षणभर थांबवायला सांगावी.

पुढे किल्ल्यासारखा एक उंच वाडा पाण्यातून वर येतो. तो चेतसिंहाचा. ऑगस्ट 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्याला याच वाड्यात नजरकैदेत ठेवले. गावात गोंधळ उडाला तेव्हा राजा पागोट्यांना गाठी मारून केलेल्या दोराने खिडकीतून खाली उतरला आणि होडीत बसून पलीकडे निसटला. पुढे तो महादजी शिंद्यांच्या आश्रयाला गेला आणि 1810 मध्ये ग्वाल्हेरला वारला. होडीवाले ही गोष्ट फार रंगवून सांगतात आणि ती खरी आहे.

केदार घाटानंतर राजा घाट येतो. इथे मला नेहमी जास्त थांबावेसे वाटते. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईनंतर पुण्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली, पण ती टिकली नाहीत. 1803 मध्ये इंग्रजांशी करार होऊन त्यांना वर्षाला सात लाखांची नेमणूक मिळाली आणि ते उत्तरेत कर्वी व काशी इथे राहिले. 1824 मध्ये वारले. इतिहासाच्या पुस्तकांत हा माणूस दोन ओळींत संपतो, तोही बहुधा इंग्रजांना मिळालेला म्हणून. काशीत मात्र त्यांनी घाट बांधला, अन्नछत्र घातले. मी त्यांची वकिली करीत नाही. राज्य गमावलेल्या माणसाच्या हाती पैसा राहिला तर तो काय करतो, एवढेच इथे पाहायचे. बिठूरला तोफांच्या सलाम्या मोजणाऱ्या धाकट्या भावापेक्षा मला अमृतराव बरे वाटतात.

मग मुन्शी घाट. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांचा. पुढे तो वाडा दरभंग्याच्या महाराजांनी घेतला आणि आज लोक त्या देखण्या इमारतीला दरभंगा म्हणूनच ओळखतात. त्याला लागून अहिल्याबाई घाट, मग दशाश्वमेध. इथे गर्दी फार, वर्णन करीत बसत नाही.

मणिकर्णिका ओलांडली की शिंदे घाट. बायजाबाई शिंदे या कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतरावांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार चालवलेली बाई. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांचाच, 1828 चा. त्यांनी हा घाट फार भव्य करायला घेतला. नदीकाठच्या गाळाला दगडाचा भार सोसला नाही आणि बांधकाम खचले. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. शेजारी रत्नेश्वराचे देऊळ आजही कललेले उभे आहे आणि त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात असतो. जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतला इंग्रज अधिकारी 1820 ते 1830 काशीत होता. त्याने या घाटांची चित्रे काढून छापली. मराठी बांधकामे नवी होती तेव्हाचा काठ पाहायचा असेल तर ती चित्रे पाहावीत.

यानंतरचा काठ पर्यटकांना कंटाळवाणा वाटतो, कारण आरती मागे राहिलेली असते. बहुतेक होड्या इथूनच वळतात. त्यांना थोडे पैसे जास्त देऊन पुढे न्यायला सांगावे, कारण खरी मराठी काशी इथे आहे. भोसले घाट, राम घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. पंचगंगेवरचे बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभे केले. बालाजीच्या मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांचे मामा सनई वाजवीत आणि खाँसाहेबांचा लहानपणीचा रियाज तिथेच झाला. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हे नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव सांगतात. हे मूळचे गोदावरीकाठच्या कायगावचे, पेशवे घराण्याचे गुरू. ते काशीत येऊन राहिले आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी इथे घाट व घरे बांधवली. इथली जागा त्यांनी मासेमारी करणाऱ्या स्थानिक लोकांकडून विकत घेतली, असे सांगतात. त्यांच्या पाठोपाठ वैदिक, शास्त्री, कारकून, सावकार अशी कुटुंबे येऊन इथल्या गल्ल्यांत स्थिरावली.

अर्थात मराठी माणूस काशीत फौजांच्या आधीच पोहोचला होता. पैठणच्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट सोळाव्या शतकात काशीच्या पंडितांचे प्रमुख होते. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आले. एकनाथांचे भागवत 1573 मध्ये पूर्ण झाले तेही काशीतच. आणि आपल्या गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींनी संन्यास घेतला तो काशीत, असे गुरुचरित्र सांगते. त्याच ग्रंथात आपल्या बिदरचा यवन राजा मांडीवरचा फोड घेऊन गाणगापूरला येतो आणि बरा होऊन जातो. ती केस मी वैद्य म्हणून अनेकदा वाचली आहे.

गंगेच्या गडूचेही एक आहे. जुन्या घरांत काशीहून आणलेला, तोंड डाख लावून बंद केलेला तांब्याचा गडू देवघरात असे. यात्रेहून आले की मावंदे होई, गावजेवण होई, आणि मग त्या गडूतला एखादा थेंब पिढ्यान्पिढ्या शेवटच्या क्षणी तोंडात पडे. थेंबाच्या गुणावर आम्हा होमिओपॅथीवाल्यांच्या आधीपासून लोकांचा विश्वास होता, एवढेच म्हणतो. गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत लुटले गेले, पायी भटकले, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊनच वरसईला परतले. आपल्या घरांतले ते गडू आता बहुतेक मोडीत गेले. कुणाकडे शिल्लक असेल तर त्यावर कोरलेले नाव आणि साल जरूर उतरवून ठेवावे, मंडळाकडे द्यावे.

ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत मराठी आडनावे आजही आहेत. गणेशोत्सव होतो. घरातली मराठी हिंदीच्या वळणाची आहे, आपली जशी कानडी आणि दखनीच्या वळणाची. या वस्त्यांतली मुले हिंदीत शिकली आणि काही हिंदीची मोठी माणसे झाली. काशीत 1883 मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हे मराठी घरातले. 1920 मध्ये निघालेल्या 'आज' दैनिकातून त्यांनी हिंदी वृत्तपत्राची भाषा घडवली. काशीतल्या पत्रकारांच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. 1956 मध्ये बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले, तेव्हापासून आपल्या घरांत 'आता आपल्या मराठीचे काय होणार' हा एकच प्रश्न विचारला जातो. ब्रह्मा घाटावरच्या लोकांपुढे तो दोनशे वर्षांपूर्वी आला होता. त्यांनी देवघरात मराठी ठेवली, पंचांग ठेवले, गणपती ठेवला आणि बाहेर दुसऱ्याची भाषा स्वतःची करून घेतली. त्यात काही गमावलेही. मोडी कागदांचे गठ्ठे वाचणारे कुणी उरले नाही म्हणून ते गंगेत सोडल्याच्या हकिगती तिथली वडीलधारी मंडळी सांगतात.

आपल्याकडे भालकीच्या, औरादच्या वाड्यांत मोडी कागद अजून आहेत. ते नदीत जाणार नाहीत, कारण आपल्याला नदी नाही. वाळवी मात्र भरपूर आहे.