शिराळ्याच्या नागाचे दप्तर : गुणसूत्रांवरील जनुकांची मांडणी आणि प्राण्यांचा इतिहास

१/२४
सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना भुईकोट किल्ल्यामुळे आणि समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एकामुळे परिचित असते. उर्वरित महाराष्ट्राला मात्र ‘बत्तीस शिराळा’ म्हटले की श्रावणातील नागपंचमीच आठवते. प्रस्तुत थ्रेडचा विषय तोच नाग आहे; मात्र येथे पाहायचा आहे तो त्याच्या पेशीत जपला गेलेला कोट्यवधी वर्षांचा इतिहास.

२/२४
आख्यायिका अशी की, गोरक्षनाथ भिक्षेसाठी शिराळ्यात आले असता एक गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. नाथांच्या कृपेने तेथे जिवंत नागाची पूजा सुरू झाली. पुढे पंचमीपूर्वी रानातून नाग शोधून आणायचे, मडक्यात सांभाळायचे, पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हा रानात सोडायचे, अशी प्रथा रूढ झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकांना पायबंद बसला.

३/२४
त्या मडक्यातील प्राण्याविषयी तीन प्रश्न कुणालाही पडावेत. याचे पाय कुठे गेले? यात नर-मादी कसे ठरतात? आणि याच्या तोंडात विष आले कोठून? ही तीन उत्तरे शोधताना शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षापाशी पोहोचले : जनुके कोणती आहेत याइतकेच ती कोठे बसली आहेत, यालाही महत्त्व आहे.

४/२४
इतिहासाच्या वाचकाला हे तत्त्व नवे नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादे पत्र कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी सापडले, यावरून त्याचा अर्थ उलगडतो. जनुक हा असा एक कागद समजला, तर गुणसूत्र म्हणजे तो रुमाल. कागद जुनेच राहिले आणि केवळ बांधणी बदलली, तरी दप्तराचा इतिहास बदलतो.

५/२४
ही जाणीव सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी नाही. नाकतोड्याच्या पेशी अभ्यासणाऱ्या वॉल्टर सटन या अमेरिकन तरुणाने १९०३ मध्ये मांडले की, आनुवंशिक गुणांचे वाहक गुणसूत्रांवर असले पाहिजेत. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्या गुणाचे नाते थेट लिंग-गुणसूत्राशी जुळले.

६/२४
मॉर्गन यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने १९११ मध्ये महाविद्यालयाचा गृहपाठ बाजूला ठेवून एका रात्रीत एक नकाशा काढला. दोन गुण पुढच्या पिढीत जितक्या वेळा एकत्र उतरतात, तितकी त्यांची जनुके जवळ असणार, हा त्यामागील विचार. सहा गुणांचा तो नकाशा १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुके मण्यांप्रमाणे एका ओळीत असतात, हे जगाला प्रथमच दिसले.

७/२४
१९२१ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी दोन भिन्न जातींच्या फळमाश्यांचे नकाशे शेजारी ठेवले. जनुके तीच होती; पण एका गुणसूत्राचा एक तुकडा उलटा जोडलेला होता. उत्क्रांती केवळ जनुकांची अक्षरे बदलत नाही, त्यांचा क्रमही बदलते, याचा हा पहिला पुरावा होता.

८/२४
क्रम उलटल्याने बिघडते काय? अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना आईकडून व वडिलांकडून आलेली गुणसूत्रे परस्परांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात. उलट्या तुकड्याची जोडी नीट जुळत नाही, म्हणून तेथील देवाणघेवाण जवळजवळ थांबते. त्या तुकड्यातील जनुके मग पिढ्यान् पिढ्या एकगठ्ठा प्रवास करतात. यातून नव्या जाती घडण्यास वाव मिळतो आणि लिंग-गुणसूत्रेही आकाराला येतात.

९/२४
आता पहिला प्रश्न : पाय. पृष्ठवंशी प्राण्यांत हातपाय घडवणाऱ्या ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाची कळ जनुकापाशी नसते. ती सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात असते. २०१६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी उंदरातील ही कळ काढून तेथे सापाची कळ बसवली. त्या उंदरांचे पाय खुंटले.

१०/२४
सापाने पायांचे जनुक गमावलेले नाही. ते शरीराच्या इतर कामांसाठी आवश्यकच आहे. बिघडली ती केवळ दूरवरची कळ. जनुक आणि त्याची कळ एकाच गुणसूत्रावर, ठरावीक अंतरात टिकून राहणे किती मोलाचे असते, हे नागाच्या पायविहीन शरीरातून कळते. कागद शाबूत आहे. तो वाचण्याची आज्ञा मात्र पुसली गेली आहे.

११/२४
दुसरा प्रश्न : नर आणि मादी. माणसात पुरुषाची लिंग-गुणसूत्रे (एक्स व वाय) भिन्न असतात. नागात मादीची भिन्न असतात. नर झेड-झेड, तर मादी झेड-डब्ल्यू. हीच रीत पक्ष्यांतही आढळते. १९६४ मध्ये ब्राझीलचे विली बेसाक व मारिया लुइझा बेसाक आणि अमेरिकेत काम करणारे सुसुमु ओह्नो यांनी साप व पक्षी यांच्या गुणसूत्रांतील साम्य दाखवले.

१२/२४
बेसाक दांपत्य साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेतील. म्हणजे सर्पदंशावरील लसीसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या संस्थेतील. त्यांच्या निरीक्षणातून ओह्नो यांना एक पायऱ्यांची मालिका दिसली. अजगरवर्गात झेड व डब्ल्यू जवळजवळ सारखे, इतर अनेक सापांत थोडे भिन्न, तर विषारी सापांत डब्ल्यू पूर्णपणे वेगळा. एकेकाळी समान असलेली जोडी देवाणघेवाण थांबल्यावर कशी दुरावत जाते, याच जणू क्रमवार अवस्था.

१३/२४
या कथेत येथून भारत येतो. बनारस हिंदू विद्यापीठात एस. पी. रायचौधुरी, तुलसीराम शर्मा आणि त्यांचा तरुण विद्यार्थी लालजी सिंह हे भारतीय सापांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते. सापांच्या लिंग-गुणसूत्रांच्या उत्क्रांतीवरील त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. साधने तुटपुंजी होती. विषारी सापांची विविधता मात्र दाराशी होती.

१४/२४
लालजी सिंह पुढे एडिंबरास गेले. तेथे त्यांना सापाच्या डब्ल्यू गुणसूत्रावर पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे छोटे क्रम साचलेले आढळले. दिसायला झेड व डब्ल्यू सारखे असलेल्या जातींतही. म्हणजे डब्ल्यूचे रूप बदलण्याआधीच त्याची आतली मांडणी बदलू लागली होती. पट्टेरी मण्यारीवरून या क्रमांना ‘बीकेएम’ हे नाव मिळाले.

१५/२४
मण्यारीतील हा शोध पुढे न्यायालयात पोहोचला. बीकेएमच्या आधारे लालजी सिंह यांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए ठशांचे तंत्र विकसित केले. पितृत्वाच्या वादांपासून राजीव गांधी हत्येच्या तपासापर्यंत त्याचा उपयोग झाला. ‘सापाची गुणसूत्रे मोजून काय मिळणार?’ या प्रश्नाचे याहून चोख उत्तर सापडणे कठीण.

१६/२४
मात्र इतिहासात पहिले वाचन क्वचितच अखेरचे ठरते. साप व पक्षी यांचा झेड एकाच पूर्वजाकडून आला असावा, असे ओह्नो यांना वाटले होते. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी जनुकांची जागा तपासली. पक्ष्यांच्या झेडवरील जनुके सापात दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एका भुजेवर निघाली. रीत एकच, पण दोन्ही वंशांनी ती स्वतंत्रपणे, निराळ्या गुणसूत्रांपासून घडवली होती.

१७/२४
सापांच्या पेशीत मोठ्या गुणसूत्रांसोबत ठिपक्यांएवढी सूक्ष्म गुणसूत्रेही असतात. दीर्घकाळ ती बिनमहत्त्वाची मानली गेली. २०२१ मध्ये असे दिसले की, पक्षी व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या या ठिपक्यांवरील जनुकांचे गट अँफिऑक्सस या माशासारख्या समुद्री जीवाच्या गुणसूत्रांशी जुळतात. त्या जीवाचा आणि आपला समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे.

१८/२४
सस्तन प्राण्यांत हे ठिपके मोठ्या गुणसूत्रांत विरघळून गेले. माणसात एकही उरला नाही. याचा अर्थ असा की, पृष्ठवंशी प्राण्यांच्या दप्तराची प्राचीन बांधणी पाहायची असेल, तर माणसापेक्षा नाग हा अधिक विश्वासू दप्तरदार ठरतो. शेतकऱ्याच्या बांधावरून सरकणारा तो जीव आपल्याहून जुने रुमाल जपून आहे.

१९/२४
तिसरा प्रश्न : विष. जानेवारी २०२० मध्ये भारतीय नागाचा जनुकसंच गुणसूत्रनिहाय प्रसिद्ध झाला. सोमशेखर शेषगिरी यांच्या पुढाकारातील या कामात भारतीय संशोधकांचा मोठा वाटा होता. नागाची ३८ गुणसूत्रे, त्यांवर २३ हजारांहून अधिक जनुके आणि त्यांत विषाशी संबंधित १३९ जनुके, अशी ही मोजदाद. त्यांपैकी १९ जनुके मुख्यतः विषग्रंथीतच कार्यरत आढळली.

२०/२४
नागाच्या विषातील प्रमुख घटक म्हणजे ‘तीन बोटांची’ प्रथिने. त्यांचे मूळ शरीरातील निरुपद्रवी प्रथिनांत आहे. त्यांची जनुके शेजारी शेजारी, दाटीवाटीने बसलेली असतात आणि यातच विषाचे गमक आहे. सारख्या प्रती शेजारी असल्या की देवाणघेवाणीत जोडी चुकते. एका गुणसूत्राला एक प्रत जास्त मिळते, दुसऱ्याची एक कमी होते. मूळ प्रत जुने काम करते, जादा प्रत बदलण्यास मोकळी राहते.

२१/२४
हा खेळ दोन्ही दिशांनी चालतो. अमेरिकेतील खुळखुळ्या सापांच्या २०१६ मधील अभ्यासात दिसले की, त्यांच्या पूर्वजाकडे मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाची जनुके होती. काही जातींत शेजारच्या जनुकांसह तो तुकडाच गळून पडला आणि त्यांचे विष मुख्यतः रक्त व ऊतींवर आघात करणारे राहिले. एका गुणसूत्रावरील एक गट फुटला आणि दंशाची लक्षणेच बदलली.

२२/२४
शिराळ्यासारख्या तालुक्यात हा केवळ पुस्तकी विषय राहत नाही. एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य ग्रामीण. उपचाराचे तत्त्व १८९० च्या दशकातील : फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर पहिले प्रतिविष तयार केले. आजही घोड्याला अल्प विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या परंपरेशी निगडित आहे.

२३/२४
भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले असते. ते विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु विष प्रदेशागणिक बदलते. सांगलीच्या रानातील नागाचे विष तमिळनाडूतील नागासारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच विषाच्या जनुकांची यादी मोलाची आहे. २०२४ मध्ये अमेरिकन संशोधक आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी तीन बोटांच्या विषप्रथिनांपैकी एका मोठ्या गटाला रोखणारे, घोड्याविना तयार होणारे प्रतिपिंड उंदरांवर यशस्वी करून दाखवले.

२४/२४
ते औषध माणसापर्यंत पोहोचेपर्यंत दंश झालेल्याने तडक रुग्णालय गाठणे, हाच मार्ग आहे. शिराळ्याच्या घराघरांत आता नागाच्या प्रतिमेपुढे लाह्या-दूध ठेवले जाते आणि नाग रानात राहतो. पूर्वजांनी त्याच्यापुढे हात जोडले ते भीतीने आणि कृतज्ञतेने. त्यात आता आणखी एका कारणाची भर पडली आहे : पाय गमावल्याची, लिंग-गुणसूत्रे दुरावल्याची आणि विष कमावल्याची नोंद त्याने आपल्या ३८ रुमालांत बांधून ठेवली आहे. ते दप्तर मारून टाकले, तर वाचायला काहीच उरत नाही.